हिप्परगा तलाव, कालव्याची वाट आणि सोलापूर शहर: तीन दिवसांत सायकलवर काय बसेल?

चाकोरी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस सोलापुरात मुक्काम आहे, सिद्धेश्वर मंदिराच्या आसपास. दोन मोठी माणसे आणि अकरा वर्षांची मुलगी. सायकली: एक ७००×३५ टायरची हायब्रिड, एक २७.५×२.१ ची एमटीबी (माउंटन बाइक), आणि मुलीची २४ इंची बिनगिअरची. आम्हा दोघांना दिवसाला ४०-५० किमी चालतील, मुलीसोबत २० च्या वर नको.

प्रश्न असे. नकाशावर हिप्परगा तलावापासून कालव्याच्या कडेने सलग वाट दिसते, ती प्रत्यक्षात सायकल चालवण्याजोगी आहे का? तलावावर पक्षी बघायला कोणती बाजू, कोणती वेळ? नान्नज (माळढोक अभयारण्य) आणि हत्तरसंग कुडल (भीमा-सीना संगमावरची मंदिरे) यांपैकी एकच जमणार असेल तर कोणते? आणि पंक्चरचे सामान किती बाळगावे? काट्यांबद्दल बरेच ऐकले आहे.

आदिलाकाठ

नकाशावरची रेघ खरी आहे, पण सलग नाही. हिप्परगा म्हणजेच एकरूख तलाव. आदिला नदीवरचा हा मातीचा बांध १८७१ सालचा, आणि त्यातून निघणारे कालवे शेतीचे. कालव्याच्या कडेची वाट पाटकऱ्याला (कालव्याच्या पाण्यावर देखरेख करणाऱ्याला) फिरता यावे, गाळ काढणारे यंत्र नेता यावे म्हणून सोडलेली असते. सायकलवाल्यासाठी ती कोणी केलेली नाही, हे डोक्यात ठेवून निघालात तर निराशा होत नाही. काही पट्टा छान दाबलेल्या मुरुमाचा, काही पट्टा शेजारच्याने नांगरून शेतात ओढलेला, काही वेड्या बाभळीने गिळलेला.

दोन काठांपैकी एकच काठ रुंद असतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या ज्या काठावर दिसतील तोच धरा. दुसऱ्या काठावर पाऊलवाट असते, ती अर्ध्या किलोमीटरवर एखाद्या मोरीपाशी संपते आणि मग सायकल डोक्यावर घेऊन कालवा ओलांडायची पाळी येते.

वाट चालेल की नाही हे ठरते पाण्याच्या आवर्तनावर, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीवर. कालव्याला पाणी सुटले की काठ पाझरतो, वरून कोरडी दिसणारी माती आतून लोण्यासारखी होते. पाणी बंद होऊन आठवडा झाला असेल तर बिनधास्त जा, आज सुटले असेल तर बेत बदला. उजनी धरणाचे पाणी एकरूख उपसा सिंचन योजनेतून या तलावात येते, त्यामुळे पाऊस नसतानाही इथले गणित बदलत असते. बांधाजवळच्या टपरीवर चहा घेताना 'पाटाला पाणी आहे का?' एवढे विचारले तरी काम होते. आणि स्वतः तपासायचे तर टाच जोरात रोवून बघा. माती चपलेला चिकटून वर आली तर तिथूनच परत फिरा. पुढे सुकी असेल ही आशा काळ्या मातीत कामाची नाही.

जायचा रस्ता: सिद्धेश्वर मंदिर, जुना तुळजापूर नाका, रूपाभवानी मंदिर, मग सरळ तुळजापूर रस्ता. तलाव साधारण ९ किमी. थंडीत वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो, म्हणजे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला मागे-पुढे दिवे लावून निघा, सव्वासातपर्यंत काठावर.

पक्ष्यांचे सांगायचे तर पाणी जितके मागे हटलेले तितके बरे. तलाव काठोकाठ भरलेला असेल तर पक्षी मध्यावर आणि दुर्बिणीतही ठिपक्याएवढे. पाणी उतरून चिखलाची पट्टी उघडी पडली की पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक काठाशी येतात. काही हिवाळ्यांत रोहितही (फ्लेमिंगो) उतरतो, पण त्याच्यावर बेत बांधू नका. सूर्य पाठीशी राहील अशी, म्हणजे सकाळी पूर्वेची बाजू धरा. ८×४२ ची दुर्बीण पुरते. उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात. ती मोकळी जमीन वाटते, पण पेरलेली असते, तिच्यातून सायकल घालू नका. बांधावरचे फाटक बंद असेल तर तेही उडी मारून ओलांडायचे नाही, बांध पाटबंधारे खात्याचा आहे.

स्पोक_पाना

काट्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे सहल फसते ती यानेच.

दोन काटे ओळखून ठेवा. बाभळीचा लांब सरळ काटा, एमटीबीच्या जाड टायरलाही आरपार जातो, पण एकच भोक पाडतो आणि बाहेरून दिसतो. खरा शत्रू म्हणजे सराटा. शेताच्या बांधावर, कालव्याच्या मुरुमावर, रस्त्याच्या कडेला पसरलेली बारकी वेल. डिसेंबरात ती वाळते आणि फळे सुटून पडतात. फळ कसेही पडले तरी एक टोक वरच राहते. एकदा त्या पट्ट्यावरून गेलात की टायरमध्ये एकदम पाच-सात रुततात. चाकावर फळे चिकटलेली दिसली तर थांबा, पण उपटू नका. आधी हवा तपासा. कधी कधी काट्यानेच भोक बुजलेले असते आणि त्यावर घरापर्यंत येता येते; उपटलेत की सात ठिकाणी एकदम हवा सुटते.

सामान, तुमच्या तीन सायकलींसाठी: प्रत्येक मापाच्या दोन जादा ट्यूब (२४ इंची रस्त्यात कुठे मिळेल याच्या भरवशावर राहू नका), १२ पॅच, सोल्युशनची न उघडलेली ट्यूब (उघडलेली महिनाभरात आतल्या आत वाळते), सँडपेपरचा तुकडा, तीन टायर लिव्हर, पंप, बारीक चिमटा. हायब्रिडला प्रेस्टा (बारीक, लांब तोंडाचा) वॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर दोन घ्या, एक हमखास हरवतो. गावातल्या पंक्चरवाल्याकडे गाडीच्या वॉल्व्हचा नळ असतो, अडॅप्टर नसेल तर त्याच्याकडे कॉम्प्रेसर असून उपयोग नाही.

पंक्चर काढताना लोक जे चुकतात ते असे: ट्यूब बदलतात आणि टायर तपासत नाहीत. सराट्याचे टोक रबरात मोडून राहते, बाहेरून दिसत नाही, आणि नवी ट्यूब दोन किलोमीटरवर पुन्हा बसते. टायरच्या आतून जुन्या बनियनचा तुकडा फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. बोट फिरवू नका, रक्त निघते. टोक चिमट्याने आतल्या बाजूने ओढा. मग ट्यूब घासा, सोल्युशन पॅचपेक्षा बोटभर जास्त जागेवर पातळ लावा आणि चकाकी जाईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटे, थांबा. ओल्या सोल्युशनवर दाबलेला पॅच हवा भरताच सुटतो. एका ट्यूबला पाचपेक्षा जास्त भोके असतील तर चिकटवत बसू नका, बदला. जुनी घरी बादलीत बुडवून निवांत बघा.

टायर लायनर (टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसणारी पट्टी) ही स्वस्त आणि खरोखर उपयोगी वस्तू आहे. मुलीच्या सायकलला नक्की टाका. लायनरच्या टोकाची धार ट्यूबला घासून महिनाभरात भोक पाडते, म्हणून कापलेले टोक कात्रीने गोल करून त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळा. ट्यूबलेस असेल तर २७.५×२.१ ला साधारण १०० मिली सीलंट (भोके आतून बुजवणारा द्रव). सोलापूरच्या हवेत ते डब्यावर लिहिलेल्या मुदतीच्या निम्म्यातच सुकते, तेव्हा निघण्यापूर्वी चाक कानाशी धरून हलवा. आत डुचमळल्याचा आवाज आला नाही तर नवे भरा.

हवा: हायब्रिड डांबरीवर ५५-६० पीएसआय, मुरुमावर ४५. एमटीबी ३० च्या आसपास. टायरच्या कडेवर लिहिलेली कमाल हवा भरून कालव्यावर गेलात तर दात वाजतील आणि काटाही जास्त खोल जाईल.

रस्ताच_बरा

आदिलाकाठ यांनी चांगले लिहिले आहे, पण मुलीला कालव्यावर न्यायच्या मी सपशेल विरोधात. कारण काटा नाही, उतार. अस्तर केलेल्या कालव्याची बाजू तिरकी आणि शेवाळाने गुळगुळीत असते. पाणी कंबरभर दिसले तरी पडलेला माणूस स्वतः वर चढू शकत नाही, पाय घसरतच राहतो. शिवाय वाटेवर आडवे टाकलेले पाइप. पाणी ओढायला लावलेले हे डोंगळे गवतात लपलेले असतात. तिरपे ओलांडले की पुढचे चाक सटकते आणि सटकते ते कालव्याच्याच दिशेने. मोठ्यांनीही तिथे ब्रेक सोडून, हँडल सरळ धरून, काटकोनात जावे.

आणि तुळजापूर रस्त्याबद्दल कोणी बोलले नाही ते मी बोलतो. डिसेंबर म्हणजे उसाच्या गाळपाचा हंगाम. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, कडेला ऊस लोंबतोय. त्याच्या मागून ओव्हरटेक करायला जाऊ नका: मागची ट्रॉली खड्ड्यावर हातभर डोलते. पहाटे धुक्यात तर अजिबात नाही. बायपास ओलांडतो त्या जागी सायकलवरून उतरून चालत जा, मुलगी असेल तर हे ऐच्छिक समजू नका.

माझा सल्ला: मुलीच्या दिवशी छोटा हत्ती (लहान टेम्पो) ठरवून तिन्ही सायकली तलावाच्या गावापर्यंत न्या, तिथे गावरस्त्याने ८-१० किमी फिरा, उन्हे चढायच्या आत त्याच गाडीने परत. कालवा मोठ्यांनी दुसऱ्या सकाळी करावा.

आदिलाकाठ

@रस्ताच_बरा, मुलीबद्दल मान्य. माझ्या लिहिण्यात ते यायला हवे होते. पाणी वाहत असताना कालव्यावर लहान मूल नकोच. कोरड्या कालव्यावर मात्र रुंद काठाने चालायला हरकत नाही, मोठ्या माणसाने कालव्याच्या बाजूने आणि मुलाने शेताच्या बाजूने.

काळवीट_माळावर

नान्नज की कुडल, याचे उत्तर अंतरातच आहे.

नान्नज बार्शी रस्त्यावर, शहरापासून २०-२२ किमी. जाऊन-येऊन ४५ होतात, चढ-उतार नावापुरते. हे तुमच्या दोघांच्या आवाक्यातले आहे. फक्त माळढोक पक्षी दिसेल म्हणून जाऊ नका. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य केले, पण आता तो इतका विरळा झाला आहे की वर्षानुवर्षे जाणाऱ्यांनाही दिसत नाही. काळवीट मात्र हमखास, आणि थंडीत भोवत्या, धाविक, चंडोल, पाखुर्डी हे पक्षी. नशीब असेल तर खोकड. अभयारण्य एकसलग नाही, शेतांमध्ये विखुरलेले कुरणाचे तुकडे आहेत. वनखात्याच्या चौकीवर नोंद करून, सांगतील त्याच वाटेने जायचे. कुरणात सायकल घालायची नाही: जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत, आणि सराट्याचे म्हणाल तर स्पोक_पाना यांनी वर लिहिले आहे त्याच्या तिप्पट तिथे आहे. भडक पिवळे-नारिंगी जर्सी घालून काळविटाजवळ जाता येत नाही, मातकट रंग घाला आणि महामार्गासाठीचे चमकणारे जाकीट उतरवून पिशवीत ठेवा.

कुडल विजापूर रस्त्याने, वडकबाळला सीना नदी ओलांडून, मग डावीकडे भीमेच्या दिशेने. एका बाजूचे साधारण ४० किमी. भीमा-सीनेचा संगम, संगमेश्वर मंदिरातला शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक ('वाछि तो विजेया होईवा', वाचेल तो विजयी होईल), आणि शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग. बघण्यासारखे आहेच. पण ८० किमी सायकलवर करून तिथे पोहोचलेला माणूस शिलालेख वाचत नाही, सावली शोधतो. कुडल गाडीने करा. शिलालेख तिरप्या उन्हात वाचता येतो, दुपारी बाराला अक्षरे सपाट दिसतात. तेव्हा सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. पावसाळ्यात येणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर: सीनेला पूर आला की वडकबाळचा पूल बंद होतो, सप्टेंबर २०२५ मध्ये विजापूर महामार्ग असाच तुटला होता.

कडकभाकरी

सगळे शहराबाहेर पळताय की ओ! संध्याकाळी काय करणार?

मुलीसोबत पहिली संध्याकाळ सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ला. दोन्ही चिकटून आहेत. मंदिर तलावाच्या मधोमध, बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचे. सायकली बाहेर कुलूप लावून ठेवा, तीन सायकलींना मिळून एकच लांब साखळी आणा. किल्ल्यात दुहेरी तटबंदी, बत्तीस खांबी वास्तू आणि मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला तोच हा किल्ला. तटावरून तलाव आणि मंदिर एका नजरेत येते. तिथून हुतात्मा चौक: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली. पुढे महापालिकेची इंद्रभुवन इमारत, बाहेरून बघायची. सगळे मिळून चार-पाच किमीसुद्धा होत नाही, पण सहानंतर गर्दीत सायकल चालवण्यापेक्षा ढकलावी लागते. म्हणून पाचपर्यंत उरका.

मुलीला दुपारी काय, तर पुणे रस्त्यावर केगावला विद्यापीठाजवळ विज्ञान केंद्र आहे. तिकडे रिक्षाने. महामार्गाचा तो पट्टा लहान सायकलचा नाही.

तारीख पुढे ढकलून जानेवारीत याल तर १२ ते १६ या दिवसांत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. सात नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, शेवटी शोभेचे दारूकाम. बघायला याच, पण मंदिराजवळ मुक्काम आणि सायकली हे गणित त्या आठवड्यात जमत नाही. रस्ते बंद असतात, खोली मिळत नाही.

सोबत खायला: कडक भाकरी आणि शेंगा चटणी. भाकरी चार दिवस टिकते, पिशवीत मोडली तरी चव जात नाही. एवढेच की चटणीने तहान लागते, पाणी त्या हिशोबाने घ्या. माणशी दीड लिटर सकाळसाठी, आणि एका बाटलीत लिटरला सहा सपाट छोटे (चहाचे) चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. रस्त्याकडेला 'हुरडा' अशी पाटी दिसली तर थांबा, पण परतीच्या वाटेवर. हुरडा आणि दही खाऊन वाऱ्याविरुद्ध सायकल चालत नाही.

चाकोरी

सगळ्यांचे आभार. मग असे ठरवतो: पहिला दिवस संध्याकाळी किल्ला-तलाव. दुसरा दिवस तिघे हिप्परगा, छोटा हत्तीने. तिसरा दिवस पहाटे आम्ही दोघांपैकी एक नान्नज, दुसरा मुलीसोबत विज्ञान केंद्र. कुडल पुढच्या वेळी. कालवा जमला तर दुसऱ्या दिवशी एकट्याने, एमटीबीवर. हायब्रिडला मडगार्ड आहेत आणि एमटीबीला मागचे एक. ती ठेवू की काढू? अवकाळी पाऊस आला तर?

स्पोक_पाना

कालव्यासाठी एमटीबीचे काढा. काळी माती ओली झाली की टायरवर थराथराने चढते, मडगार्ड आणि टायरमधल्या फटीत दाबली जाते आणि चाक जागच्या जागी थांबते. तेव्हा पेडल जोरात मारायचे नाही. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) मातीने जड झालेला असतो, चेन ओढली की तो स्पोकमध्ये जातो, त्याला धरणारा हँगर मोडतो आणि सहल तिथेच संपते. उतरा, सायकल उचलून गवतावर न्या, काडीने फटी मोकळ्या करा (बाभळीची काडी असेल तर आधी काटे बघा), चाक हाताने फिरतेय याची खात्री करा, आणि मगच ढकलत डांबरीवर. पाऊस झाला तर चांगले ऊन पडून तीन-चार दिवस जाईपर्यंत कालवा विसरा.

घरी नेऊन प्रेशर पंपाने धुऊ नका, माती हब आणि बॉटम ब्रॅकेटच्या बेअरिंगमध्ये घुसते. वाळू द्या, ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा. चेनला नवे तेल त्यानंतर.

हायब्रिड नान्नजला नेणार असाल तर मडगार्ड राहू द्या, तो डांबरी रस्ता आहे. फक्त ऊसगाडीचे पाचट मडगार्डच्या पट्टीत अडकून घासल्याचा आवाज येतो. ब्रेक बिघडला म्हणून पाने काढण्याआधी तिथे बघा.

रस्ताच_बरा

छोटा हत्तीत सायकली घालताना एक गोष्ट: डिरेलरची बाजू वर, सायकलींमध्ये गोधडी किंवा जुनी चादर. सोलापुरात चादरीला तोटा नाही. दोरी फ्रेमला बांधा, चाकाला नाही. आणि चालकाला परतीची वेळ दहाची सांगा. पक्षी बघणारे अकराला येतातच.